सही माझी, गाडी लेकीची

मैत्रिणींनो, यंदा दिवाळीआधी आमच्या घरात चकलीच्या भाजणीपेक्षा जास्त चर्चा झाली ती गाडीची! लेकीला अठरा पूर्ण झाली. कॉलेज गावापासून नऊ किलोमीटरवर. एस.टी.त आम्हा बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे खरं, पण दुपारची गाडीच आली नाही तर त्या अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? फाट्यावर तासतासभर ताटकळून पोरगी घरी यायची आणि सॅक कोपऱ्यात टाकत म्हणायची, "आई, आता तरी गाडीचं बघा ना."

मग काय, घरातला प्रत्येक जण जाणकार झाला. ह्यांचं म्हणणं, मित्राची मोटारसायकल पडून आहे, ती घेऊ, दणकट असते. भाऊजींचं मत, घ्यायची तर नवीनच, हप्त्यावर घ्या, पण जुन्याची कटकट नको. पुतण्याने मोबाइलवर चार गाड्यांचे फोटो दाखवले. प्रत्येकीचा टॉप स्पीड त्याला तोंडपाठ. सासूबाईंची एकच अट, रंग काळा नको. लेकीला विजेवरची हवी होती, कारण मैत्रिणीकडे तशी आहे. मला मात्र कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगते, ते मला बरंच वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच बाबतीत मी जे करून ठेवलं होतं, ते कुणी उकरून काढू नये अशी माझी धडपड होती.

ते आज इथे स्वतःच सांगते.

लेक तेव्हा अकरावीत होती. गणिताचा क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला, सुटायला संध्याकाळचे साडेसात. 'सोळाला बिनगिअरचं लायसन निघतं' हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, तसं मलाही होतं. एजंट म्हणाला, "वहिनी, मुलगी अठराच्या आतली आहे, पालकांची सही लागेल." केली सही. लायसन आलं, पेढे वाटले, आणि माझी शंभर सीसीच्या वरची स्कूटर मी तिला क्लासला द्यायला लागले. मी बी.ए. झालेली बाई! महिला मंडळात बचत गटाच्या बायकांना 'न वाचता कुठेही सही करायची नाही' असं इतकी वर्षं बजावणारी. आणि ज्या कागदावर मी सही केली, त्यावर '५० सीसीपर्यंत' असं स्पष्ट होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ४ नंबरच्या कलमातच हे आहे. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना चालवता येते ती ५० सीसीपर्यंत इंजिन असलेली दुचाकी. त्याच्या वरची कुठलीही गाडी, गिअरची असो वा बिनगिअरची, अठराशिवाय नाही. ५० सीसी म्हणजे काय, तर आपल्या लहानपणची लूना. १९७२ मध्ये लूना आली आणि गावोगावच्या शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई तिच्यावर दिसायला लागल्या. सायकलसारखे पायडल, हलकीफुलकी, बंद पडली तर पायडल मारत घरी यावं. आज शोरूममध्ये 'लेडीज गाडी' म्हणून ज्या रांगेने उभ्या असतात, त्या सगळ्या शंभर सीसीच्या पुढच्या. म्हणजे सोळाव्या वर्षीचं ते लायसन हातात असतं, पण त्यावर चालवायची गाडी घरात नसते. आणि आपण खुशाल समजतो, 'बिनगिअर' म्हणजे स्कूटर चालते.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. बाजारपेठेच्या वळणावर एक आजी पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. लेक काही जोरात नव्हती. पण आजी मध्येच थबकल्या, ही घाबरली आणि ब्रेक दाबण्याऐवजी हिच्या हातून मूठच पिळली गेली. नवशिक्यांचं हे असं होतं; घाबरलं की हात घट्ट आवळतो आणि त्याच हातात ॲक्सिलरेटर असतो. गाडी पुढे उसळली. आजी पडल्या, उजवं मनगट मोडलं. लेकीचा गुडघा फुटला, तो आठवड्यात बरा झाला. आजींचा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता.

त्यांचा मुलगा मार्केट यार्डात हमाली करतो. भला माणूस. "पोरगी हाय, झालं चुकून," म्हणाला. पोलिसांत गेला नाही. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, सहा आठवडे दोन वेळचा डबा मी स्वतः नेऊन दिला. एकदा डबा उघडता उघडता आजी म्हणाल्या, "तुज्या लेकीला म्या काय बोलत न्हाई गं बाई. पर येवढं धूड त्या चिमणीच्या हातात दिलं कुनी?"

काय उत्तर देणार? गाडीचं वजन शंभर किलोच्या वर, लेकीचं तेव्हा बेचाळीस. मी मान खाली घालून रिकामा डबा घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून किल्ली माझ्या कपाटात आणि लेक सायकलवर. दोन महिने ती माझ्याशी धड बोलत नव्हती.

पुढे मंडळात कायदेविषयक शिबिर होतं, तेव्हा वकीलबाईंना मी 'एका ओळखीच्या बाईंची गोष्ट' म्हणून हे विचारलं. त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी खुर्चीला धरूनच बसले. २०१९ साली कायद्यात नवं कलम आलं, १९९-अ. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून ते लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. 'मला माहीतच नव्हतं' हे मालकाने स्वतः सिद्ध करायचं. मी तर किल्ली हातात ठेवून 'सावकाश जा गं' म्हटलं होतं. मी काय सिद्ध करणार होते?

विम्याचंही तसंच. योग्य लायसन नसलेल्याच्या हातून कुणी जखमी झालं, तर कंपनीने भरलेली भरपाई नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. आता आपल्याकडे मालक कोण असतं? मी त्या शिबिरातच विचारलं, "गाडी कुणाकुणाच्या नावावर आहे?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. लक्ष्मीच्या नावावर घ्यावी, म्हणून गाडी बायकोच्या नावावर. चांगलंच आहे! मग विचारलं, "चालवतं कोण?" नवरा, दीर, मुलगा, भाचा. हात वर केलेल्यांपैकी कित्येकींनी स्वतःच्या नावावरच्या गाडीची किल्लीही कधी हातात घेतली नव्हती. आरसी बुकावर नाव आपलं, गाडी कुणाच्या हातात जाते ते आपल्याला विचारून ठरत नाही, आणि कोर्टाचा कागद आला तर तो मात्र आपल्या नावाने.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हा मंडळातल्या बायका हळहळल्या आणि म्हणाल्या, "मोठ्यांची पोरं ती, आपल्याकडे कुठं असल्या गाड्या?" मी तेव्हा गप्प बसले. पण कायद्यात मोटारीच्या किमतीप्रमाणे कलम बदलत नाही. माझी स्कूटरसुद्धा त्याच कलमात बसत होती.

असो. तर यंदा लेकीची अठरा खरोखर पूर्ण झाली आणि विषय पुन्हा निघाला. दोन दिवस गप्प बसल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना मीच म्हटलं, "गाडी मी बघणार. बाकीच्यांनी मतं द्यावीत." हे चमकून बघायला लागले. पण आजींचा हात त्यांनीही पाहिला होता, त्यामुळे काही बोलले नाहीत.

पहिल्यांदा मोटारसायकल बाद केली. ती वाईट म्हणून नव्हे. गिअरच्या गाडीचं लायसन वेगळं असतं. बिनगिअरच्या लायसनवर गिअरची मोटारसायकल चालवणं म्हणजे विनापरवानाच. (उलट मात्र चालतं. पुढे ज्यांना मोटारसायकलही चालवायची आहे, त्यांनी गिअरचंच काढावं.) शिवाय मित्राच्या त्या मोटारसायकलवर लेकीचे पाय जमिनीला जेमतेम लागत होते.

मग विजेवरची. इथे मला बराच अभ्यास करावा लागला, कारण 'विजेवरची' म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायलाच दोन दिवस गेले. एक प्रकार असा, की मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. तिला लायसन लागत नाही, नंबर लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पुरती गाडी. तिला हिरवी नंबरप्लेट, नोंदणी, विमा आणि लायसन, सगळं पेट्रोलच्या गाडीसारखंच. घोटाळा होतो तो असा, की काही दुकानांतून पंचेचाळीस-पन्नासच्या वेगाने पळणारी गाडीसुद्धा 'हिला काही लागत नाही, मुलांना बिनधास्त द्या' म्हणून आयांच्या गळ्यात मारतात. गाडी पंचविसाच्या पुढे पळाली, की ती कायद्याने मोटार वाहन झाली आणि १९९-अ पुन्हा दारात हजर. गल्लीतल्या क्लासला ती पंचविसातली ठीक आहे. आमचा नऊ किलोमीटरचा रस्ता मात्र सांगली जिल्ह्यातला ऊसपट्ट्याचा. गाळप हंगामात एकामागोमाग ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, मागे बसपासून डंपरपर्यंत सगळे घाईत. तिथे पंचविसाच्या वेगाने जाणाऱ्या पोरीला प्रत्येक जण ओव्हरटेक करणार. आणि पुरत्या विजेच्या गाडीचं बजेट आमचं नव्हतं. लेक हिरमुसली, पण आकडे तिनेच काढले होते.

राहता राहिली बिनगिअरची पेट्रोलची. शोरूममध्ये गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल लेडीजमध्ये जास्त चालतं," आणि आरशाचा आकार, मोबाइल चार्जिंग, कोणते चार रंग, हेच सांगत राहिला. मी त्याला म्हटलं, "दादा, गाडी बंद ठेवा आणि हिच्या हातात द्या." मग लेकीला सांगितलं, आधी बस आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का बघ. नुसते चवडे टेकले तर सिग्नलला, चिखलात, उतारावर गाडी कलंडते. मग मधल्या स्टँडवर चढवून दाखव. मग उतरव. मग बंद गाडी त्या फरशीवरून वीस पावलं मागे ढकल. पंक्चर झाली, तर हेच करायचंय आणि तेव्हा तिथे मदतीला कुणी नसणार. दोन मॉडेलं ह्यातच गळाली. शोरूममधला मुलगा हसत होता, हसू दे.

ब्रेकचं मी आवर्जून विचारलं. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस सक्तीचं आहे. म्हणजे एक ब्रेक दाबला, की दोन्ही चाकांना लागतो. त्याहून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना एबीएस. घरातली दहा-बारा वर्षांची जुनी स्कूटर पोरांना शिकायला देतो, तिच्यात ही सोय असेलच असं नाही. त्यात डावा ब्रेक फक्त मागच्या चाकाला लागत असेल, तर वाळूवर, ओल्या शेणावर गाडी घसरते. 'शिकेपर्यंत जुनी, मग नवीन' हा आपला हिशोब म्हणूनच मला आता उलटा वाटतो. चाकाचंही तसंच. दहा इंची चाक खड्ड्यात जितकं दणकतं, तितकं बारा इंची दणकत नाही. आमच्या रस्त्याला खड्डे किती, हे काय सांगायला हवं?

शेवटी नवीनही नाही आणि म्हातारीही नाही, अशी मिळाली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची २०२० ची गाडी, सीबीएसवाली, बारा हजार किलोमीटर झालेली. ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेले. त्याने हँडल सरळ धरून गाडी सोडून बघितली, एका बाजूला ओढत नाही ना. टायरवर चार आकडी कोरीव नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधीचा हे तिथे कळतं. चासीचा नंबर आरसीशी जुळवला. दंडाचं चलन थकलंय का, बँकेचा बोजा उतरलाय का, हे पाहिलं. आणि विमा? संपलेला! गंमत म्हणजे त्या टापटिपीच्या बाईंनाही पत्ता नव्हता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. पाच वर्षं कुणी आठवण करत नाही, मग तो विसरूनच जातो. २०२० ची गाडी, २०२५ ला विमा संपला. तुमच्या दारातली गाडी त्याच सुमाराची असेल, तर हा लेख बाजूला ठेवून कागद आधी काढा.

आता शेवटचा वाद. गाडी कुणाच्या नावावर? हे म्हणाले, "तुझ्याच नावावर राहू दे. ती काय, उद्या लग्न होऊन जाईल." नेमकं ह्याच वाक्यावर मी अडून बसले. एक तर गाडी चालवणार ती, तर नावही तिचं. दुसरं म्हणजे विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते मालक स्वतः लायसनसह चालवत असेल तेव्हाचं असतं. गाडी माझ्या नावावर आणि चालवणार लेक, तर उद्या काही झालं तर तिला त्यातला रुपया नाही. हे विमा एजंटकडून ऐकल्यावर ह्यांचा आवाज खाली आला. जुनी गाडी घेताना नुसती किल्ली आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन काम भागवतात, तेही मी केलं नाही. नाव बदलून होईपर्यंत गाडी अंगणात झाकून उभी होती. विकणाऱ्या बाईंच्याही दृष्टीने ते बरं, नाही तर आमच्या चुकीची नोटीस त्यांच्या दारी. नव्या आरसीवर लेकीने स्वतःचं नाव तीनदा वाचलं. तिच्या नावावरची ही घरातली पहिली वस्तू.

लायसनचा मार्ग आता सोपा झालाय, जरा जास्तच सोपा. शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येते. "वहिनी, शेजारी बसा आणि उत्तरं सांगा," असा सल्ला मला दिला गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. दोन चुकल्या तिच्या, पण पास झाली. मग गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावून बाजाराचा वार सोडून रोज पहाटे बाजार मैदानावर महिनाभर सराव. मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावली. मी 'थांब' म्हणून ओरडायचं, तिने मूठ सोडून ब्रेक दाबायचा. सकाळी फिरायला येणारे लोक आमच्याकडे बघून हसायचे. शंभर वेळा तरी ओरडले असेन. परीक्षेला आरटीओत गेलो, तेव्हा घसा बसला होता.

हेल्मेटवर आमचं भांडण झालं, ते होणारच होतं. रस्त्याकडेला दोन-तीनशेला मिळणारं टोपलं नको म्हटलं. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी मांडून बसलेले असतात. दुकानात घालून, पट्टा लावून, डोकं हलवून बघितलं. उंच अंबाडा, मागचा मोठा क्लिप ह्यावर ते बसत नाही, म्हणून लेक आता खाली सैल वेणी घालते. ओढणी दोन्ही टोकांनी कमरेला बांधायची. मागच्या चाकावरची साडीची जाळी पुतण्या काढायला निघाला होता, 'लूक' खराब होतो म्हणे. त्याला मी चहा दिला आणि पाना काढून घेतला.

गाडी नावावर झाली त्या संध्याकाळी लेकीने मला मागे बसवलं आणि न सांगता बाजारपेठेच्या त्या वळणावरून आजींच्या घरी नेलं. आजी ओट्यावर बसल्या होत्या. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "थांबती का गं ही?" लेकीने ब्रेक दाबून दाखवला. आजींनी स्वतःच्या हाताने दोनदा दाबून बघितला, त्याच उजव्या हाताने, आणि मग आत जाऊन गुळाचा खडा आणून हँडलवर ठेवला.

चार महिने झाले. अंधार पडायच्या आत घरी, आणि ऊस सुरू असताना उशीर झाला तर गाडी कॉलेजात ठेवून बसने यायचं, असं ठरलंय. दोनदा तशी आली, एकदा माझ्याशी भांडून. गाडीला डावीकडे एक मोठा ओरखडा आहे. तो लेकीने पाडलेला नाही. परवा अंगण धुताना स्टँडवरून काढायला गेले, तेव्हा माझ्याच हातून ती कलंडली.